शटरला दिलेलं आवतन

पोळ्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता बन्सीनं गारखेड्यातल्या आपल्या बंगल्यासमोर उभं राहून गॅरेजच्या शटरचा रिमोट दाबला, आणि शटर उघडलं नाही.

त्यानं पुन्हा दाबला. मग जरा जोर लावून दाबला. मग शटरला ऐकू आलं नसेल म्हणून दोन पावलं पुढं जाऊन दाबला. मग आत गेला, हात स्वच्छ धुतले, टॉवेलला पुसले, परत आला आणि दाबला. शटर ढिम्म.

आत पाखऱ्या होता. पाखऱ्या म्हणजे बैल.

बैल गॅरेजात आणि चारचाकी बाहेर लिंबाखाली पाखरांच्या शिटा झेलत, असं का, हे कॉलनीतल्या लोकांनी विचारणं कधीच सोडून दिलं होतं. पण गोष्ट ऐकणाऱ्याला ते सांगायला हवं. शेंद्र्याला सरकारी औद्योगिक वसाहत आली तेव्हा बन्सीचं रान तिच्यात गेलं. रान गेलं, औजारं गेली, एकेक करून जनावरं गेली. गोठा होता तिथं आता एका कारखान्याचं फाटक आहे, आणि फाटकावरचा माणूस बन्सीला नाव-गाव विचारतो. बन्सी शहरात आला, बंगला बांधला, पोरगा पुण्याला नोकरीला लागला. सगळं नीट झालं. फक्त एक गोष्ट त्यानं सोडली नाही. पोळ्याचा मान.

शेंद्र्यालगतच्या त्यांच्या गावात पोळा फुटतो तेव्हा वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल बन्सीच्या घरचा जातो. आज्याच्या काळापासून. बन्सी शहरात गेल्यावर गावानं बैठक घेतली आणि बराच खल करून तीन गोष्टी ठरवल्या. जोडी नसली तरी चालेल, एक बैल पुरे. बैल घरचा पाहिजे, भाड्याचा नको. आणि दुपारी चारला तो वेशीत उभा पाहिजे. नसला तर मान चुलतभाऊ काकासाहेबाच्या घरी जाईल, आणि गेलेला मान परत येणार नाही. म्हणजे वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस बन्सी गावाला कुणी लागत नव्हता. एका दिवशी, चार वाजता, अख्खं गाव त्याच्यासाठी थांबत होतं. त्या एका दिवसासाठी त्यानं पाखऱ्या ठेवला होता, आणि पाखऱ्यासाठी गॅरेज.

आधी गॅरेजला साधं ओढायचं शटर होतं. त्याच्या खडखडाटानं पाखऱ्या बिथरायचा, दाव्याला हिसके द्यायचा. म्हणून मोटारीचं शटर बसवलं. ते हळू, मऊ आवाज करत वर जायचं. पाखऱ्याला तो आवाज फार आवडायचा. कान टवकारून तो शेवटपर्यंत ऐकायचा आणि शटर थांबलं की मान हलवायचा. दोन वर्षांची गॅरंटी होती. तिच्यात बैल धरलेला नव्हता, पण नाकारलेलाही नव्हता.

"सेल गेला असल," भागूबाई दारातून म्हणाली. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. बन्सीची बायको बोलायची कमी, आणि बोलली की ते करून बघावं लागायचं.

बन्सीनं भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून रिमोटात घातला. बसला नाही, तो जाडा होता. मग टीव्हीच्या रिमोटाचा काढला. तोही जाडा. मग थेट टीव्हीचाच रिमोट शटरवर रोखून पाहिला. शेवटी चौकातून नवा बारका सेल आणला. रिमोटावरचा दिवा पहिल्यापेक्षा लख्ख लागला. शटर तसंच.

मेन स्विच बंद करून चालू केला. फ्रीज बंद होऊन चालू झाला, पंखे बंद होऊन चालू झाले, शटरला काही फरक पडला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. काकासाहेब.

"काय बन्सीभाऊ, निघाला का?"

"निघतोच आहे."

"न्हाणलं का बैलाला?"

"न्हाणतोच आहे."

"बरं बरं. म्हणलं, विचारावं. आमचे दोन्ही न्हाऊन, शिंगं रंगवून बसलेत. नुसते बसलेत. तसं त्यांना काय काम नाय म्हणा, पहिलं तर तुमचंच."

बन्सीनं फोन ठेवला आणि दुसरा लावला. बिरूला.

बिरू म्हणजे ज्यानं ही मोटार बसवली होती तो. मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा. बाप अजून दोनशे मेंढरं घेऊन हिंडत असतो. बिरूनं आयटीआय केलं आणि शटरच्या धंद्यात पडला. विजेतलं त्याला बऱ्यापैकी समजायचं. जनावरातलं सगळं समजायचं. शहरात पहिल्याचीच विचारणा जास्त होती, म्हणून तो पहिलंच सांगायचा.

साडेअकराला तो आपला छोटा टेम्पो घेऊन आला. टेम्पोत शटरच्या पट्ट्या, शिडी आणि एक मोडकं स्टूल होतं.

"आबा, सेल बदलला का?"

"बदलला."

"मेन स्विच?"

"केला."

"शटरपुढं काय अडकलंय का? दगड, विटा?"

"बाहेरून तर काय नाय. आत बैल आहे."

"बैल शटरपुढं उभाय का?"

"त्याला दाव्याला बांधलंय. शटरपर्यंत येत नाय तो."

"मग वीज गेल्यावर उघडायची चावी. बाहेरून ह्या भोकात घालायची अन् फिरवायची, की मोटार सुटती, शटर हातानं वर जातंय. मी दिली होती ती तुम्हाला. म्हणलं होतं, जपून ठेवा."

"जपूनच ठेवलीय."

"आणा मग."

बन्सीनं शटरकडं पाहिलं.

"आत हाय."

"आत कुठं?"

"पाखऱ्याच्या गळ्यात."

बन्सीनं समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याला अजूनही ते बरोबरच वाटत होतं. चावी ड्रॉवरमध्ये ठेवली तर हरवते. खिळ्याला अडकवली तर कुणीतरी नेतं. खिशात ठेवली तर धुण्यात जाते. पण बैल कुठं जात नाही, आणि गेला तरी एवढा मोठा बैल कुणालाही दिसतो. म्हणून त्यानं ती पाखऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात घुंगरांच्या मधे ओवली होती.

"विचार चांगला हाय," बिरू म्हणाला. "फकस्त चावी बाहेर पाहिजे होती."

"ते आता कळतंय."

गॅरेजला दुसरं दार नव्हतं. मागच्या बोळात डोक्याच्या वर एक खिडकी होती. तिला गज होते, आणि ते बन्सीनं स्वतः उभं राहून जाड बसवून घेतले होते, चोर येऊ नये म्हणून. चोर आला नव्हता. बोळ अरुंद, शिडी टेकेना, म्हणून बिरूनं तिथलं टिपाड पालथं घातलं, त्यावर चढला आणि आत डोकावला.

पाखऱ्या उभा होता. सावकाश रवंथ करत होता. खिडकीत बिरूचं तोंड दिसल्यावर त्यानं ते जराशानं ओळखलं आणि पुन्हा रवंथ करू लागला.

"बैल बरा हाय," बिरू वरून म्हणाला. "खुशीत हाय."

"त्याला काय झालंय," बन्सी म्हणाला. "शटरचं बघ."

"शटरच्या बोर्डावर लाल दिवा लुकलुकतोय, आबा."

"मग?"

"मग शटर सुट्टीवर गेलंय."

बिरू खाली उतरला. टिपाडावर बसून त्यानं सांगितलं ते असं, की लोक महिना-पंधरा दिवस परगावी जातात तेव्हा मशीनला सुट्टीवर टाकायची सोय असते. बोर्डावरचं बारकं बटण पाच सेकंद दाबून धरलं की मशीन सुट्टीवर जातं. मग कुणाचाच रिमोट घेत नाही, धन्याचाही नाही. परत पाच सेकंद दाबलं की कामावर येतं. बटण आत, पाखऱ्याच्या गव्हाणीच्या वरच्या अंगाला.

"पण ते दाबलं कुणी?" बन्सी म्हणाला. "काल संध्याकाळी मीच शटर लावलं रिमोटनं. तवा तर आलं होतं खाली सुतासारखं. आत पाखऱ्याशिवाय कुणी नव्हतं."

दोघांनी वर खिडकीकडं पाहिलं. आतून घुंगरं वाजली.

"मघाशी बघितलं, बोर्डावर पिवळं काय लागलंय?" बिरूनं विचारलं. "चाटल्यावाणी दिसतंय, पण कडंनं उरलंय."

भागूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बोळात आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"हळद-तूप," ती म्हणाली.

"कशाचं?"

"काल खांदमळणी नव्हती का?"

खांदमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशीचा विधी. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पाखऱ्याच्या खांद्यावर जन्मात जू ठेवलेलं नव्हतं, तरी भागूबाई दरवर्षी ते चोळायची.

"बैलाची खांदमळणी बोर्डाला कशी लागली?" बन्सीनं विचारलं.

"बोर्डाची बी केली."

"काय?"

"अवं, रोज सकाळ-संध्याकाळ वर जातंय, खाली येतंय. वरीसभर. ह्या घरात खरं काम तेच करतंय. तुमचा बैल नुस्ता उभाय. म्हणलं, त्याचे बी खांदे चोळावेत. त्याचे खांदे कुठं असत्यात मला काय ठाऊक. बटणं दिसली, बटणाला लावलं. आवतन दिलं. गेले घरात. मग तुम्ही शटर लावलं."

बिरूनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे मावशीनं बटणाला तूप लावलं," तो म्हणाला, "आबांनी शटर लावलं, मग बैलानं ते तूप चाटलं, चाटताना बटण पाच सेकंद दाबून धरलं, आणि मशीनला सुट्टी दिली."

"पोळ्याची," भागूबाई म्हणाली. तिच्या दृष्टीनं यात चुकल्यासारखं काही नव्हतं. पोळ्याला कुणी कामाला जुंपतं का?

फोन वाजला. काकासाहेब. बन्सीनं तो उचलला नाही. फोन वाजायचा थांबला, आणि पुन्हा वाजला. मग त्यानं उचलला.

"बन्सीभाऊ, साडेबारा झाले, म्हणून केला. रस्त्याला गर्दी हाय म्हणत्यात. म्हणलं, सांगावं. तू सावकाश ये. आम्ही चारपर्यंत हायेच. चार वाजून एक मिनिट झालं की मग आमचा नाविलाज हाय, तेवढं एक."

"येतोय मी."

"ये की. तोरण लई सुरेख बांधलंय औंदा. तुला बघायला तरी मिळंल."

बन्सीनं फोन खिशात घातला. त्याच्या चेहऱ्याकडं पाहून बिरू उठला.

त्यांनी आधी सरळ मार्ग धरला. नळाचा प्लास्टिकचा लांब पाइप खिडकीतून आत घातला, टोकानं बटण दाबायला. पाइप बारा फूट लांब होता आणि टोक आपल्या मर्जीनं हिंडत होतं. ते बोर्डाच्या जवळ येताच पाखऱ्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं. ह्या बैलाला आयुष्यात काठी लागली नव्हती, त्यामुळं काठी दिसली की तिचं काय करायचं हे त्याला शिकवलेलं नव्हतं. त्यानं ऊस समजून टोक तोंडात घेतलं आणि चावून पाहिलं. गोड लागेना म्हणून मान झटकली. पाइप मधोमध मोडला. अर्धा खिडकीत राहिला, अर्धा गव्हाणीत.

"कटर लावतो," बिरू म्हणाला. "शटरच कापतो."

"ठिणग्या उडतील. बैल दावं तोडताना पाय मोडून घेईल. लंगडा बैल तोरणाखालून घालू का मी?"

"नाय चालायचं," बिरूनं मान्य केलं. ते त्याला आधीच माहीत होतं. पण एकदा विचारून ठेवलेलं बरं असतं.

दीड वाजला. बिरू पुन्हा टिपाडावर चढला आणि बराच वेळ नुसता आत बघत राहिला. बन्सीला वाटलं, वायरिंग बघतोय. तो पाखऱ्याची जीभ बघत होता.

"आबा," तो म्हणाला, "शटरवाल्यानं इथं काय होत नाय. शटरवाला संपला. आता धनगराचं काम हाय."

"म्हणजे?"

"ज्यानं सुट्टी दिली त्यालाच रद्द करायला लावायचं. बैल पुन्हा चाटला पाहिजे, पाच सेकंद. जनावर कशाला चाटतंय? खारटाला अन् गोडाला. मावशी, पुरण झालं का?"

"झालंय. वाटलं बी."

"मुठीएवढा गोळा आणा. घट्ट. वरनं खडं मीठ."

भागूबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं जणू काय गणपतीच्या नैवेद्याला मटणाचा रस्सा मागितला.

"पुरणाला मीठ?"

"वरनं नुसतं."

"आजवर ह्या घरात पुरणाला मीठ लागलं नाय."

"अगं, आण," बन्सी म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी काय काय लागंल, आण."

ती आत गेली आणि परातीत चार गोळे घेऊन आली. मीठ तिनं वेगळ्या वाटीत आणलं होतं. ते घालायचं पाप तिनं बिरूवर सोडलं.

खिडकीतून फेकून गोळा बोर्डाला चिकटवायचा होता. पहिला बिरूनं फेकला. तो आतल्या पंख्याला लागला आणि पंख्यानं तो सगळ्या भिंतींना सारखा वाटून दिला. दुसरा बन्सीनं फेकला. गव्हाणीच्या दिशेनं चांगला गेला, पण पाखऱ्यानं तो वाटेतच झेलला आणि खाऊन आणखी येतोय का म्हणून वर पाहत उभा राहिला.

"सरका," भागूबाई म्हणाली.

"तू?"

"मी राखण करायची ज्वारीची. गोफणीनं पाखरू उडवायची, कणसाला धक्का लागायचा नाय. तुम्ही तवा माळ्याखाली झोपायचा."

ते खरं होतं, म्हणून बन्सी उतरला. भागूबाई पदर खोचून टिपाडावर चढली. तिनं गोळा तळहातावर तोलला. पाखऱ्याला तिनं "हं" असं म्हटलं, आणि त्यानं तोंड खाली घातलं. ह्या घरात तिचं "हं" बैलालाही कळायचं. मग गजांमधून तिचा हात एकदा मागं-पुढं झाला.

"बसला का?" खालून बन्सीनं विचारलं.

"बसला."

"कुठं?"

"जिथं फेकला तिथं."

पाखऱ्यानं वास घेतला. एक पाऊल पुढं आला. दावं ताणलं, मान लांब केली, आणि जीभ काढून त्यानं बोर्ड चाटायला सुरुवात केली. सावकाश. पोळ्याच्या दिवशी ज्याला घाई नाही अशा जिवासारखा.

"एक," भागूबाई म्हणाली. "दोन." जरा थांबली. "जीभ उचलली. पुन्हा लावली. एक. दोन. तीन. चार."

"पाच. सहा. सात. अजून चाटतोय."

"लाल दिवा?" बिरूनं विचारलं.

"इझला."

बन्सी पुढच्या अंगाला पळाला. साठीतला माणूस, पण पळाला. लिंबाखाली उभं राहून त्यानं रिमोट शटरवर रोखला आणि एकदाच, हलक्या हातानं दाबला.

आत ती मऊ घरघर सुरू झाली. शटरच्या खालच्या फटीतून आधी उजेड आत गेला, मग पाखऱ्याचे खूर दिसले, मग गुडघे, मग पोट, मग पुरणानं माखलेलं तोंड. त्याचे कान टवकारलेले होते. शटर वर जाऊन थांबलं तेव्हा त्यानं नेहमीसारखी मान हलवली, आणि गळ्यातल्या घुंगरांमध्ये चावी वाजली.

भागूबाई मागून चालत आली.

"बरोबरच हाय त्याचं," ती म्हणाली. "जेवायला बोलावलं होतं. अन् कुणी वाढलंच नव्हतं."

पुढचं सगळं एकदम झालं. बिरूनं टेम्पोतल्या पट्ट्या अन् शिडी अंगणात फेकली. पाखऱ्याला दोन बादल्यांत न्हाऊ घातलं. शिंगांना रंग लावला, एका शिंगाला निळा आणि दुसऱ्याला हिरवा, कारण निळा एकाच शिंगापुरता निघाला. पाठीवर झूल टाकली, कपाळाला गोंडे बांधले. सव्वातीनला टेम्पो जालना रस्त्याला लागला, पुढं बिरू आणि बन्सी, मागं बैलाला धरून भागूबाई. सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक बघायचे आणि भागूबाई त्यांच्याकडं बघायची. आधी ते नजर वळवायचे.

चार वाजायला सहा मिनिटं होती तेव्हा ते वेशीत पोचले. गाव जमलेलं होतं. काकासाहेब फेटा बांधून आपल्या जोडीपुढं उभा होता, आणि त्याचा एक पाय, गावातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं, जरासा पुढं टाकलेला होता. तो त्यानं मागं घेतला.

"आलास का," तो म्हणाला. "आम्ही काळजीतच होतो."

"जाणवत होती तुझी काळजी. फोनवर."

"एक शिंग निळं, एक हिरवं?"

"शहरात तशीच पद्धत हाय."

काकासाहेबानं यावर थोडा विचार केला. पुढच्या वर्षी गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं दोन रंगांची होती, पण ते नंतरचं. त्यानं पाखऱ्याजवळ येऊन त्याच्या गळ्यातला पट्टा पाहिला.

"ही चावी कशाची?"

"घराची," बन्सी म्हणाला. "त्याच्याकडंच असती."

तोरणाखाली वाजंत्री सुरू झाली. बन्सीनं कासरा हातात घेतला, आणि पाखऱ्या सगळ्या गावाच्या देखत, जिभेनं नाकावरचं उरलेलं पुरण टिपत, पहिला आत गेला. मागून काकासाहेबाची जोडी, मग बाकीचं गाव. पोळा फुटला.

दिवेलागणीला ते गारखेड्यात परतले. बिरूला भागूबाईनं पानावर बसवून सहा पुरणपोळ्या वाढल्या. त्याच्या पानात मीठ तिनं वाढलंच नाही. त्यानंही मागितलं नाही. जेवून झाल्यावर त्यानं पाखऱ्याच्या गळ्यातली चावी सोडवून बन्सीच्या हातात दिली.

"आता ठेवणार कुठं, आबा?"

बन्सीनं चावी उलटी-सुलटी पाहिली.

"तुझ्याकडंच राहू दे," तो म्हणाला. "तू बी कुठं जात नाय."

बिरूचा टेम्पो गेला. पाखऱ्या गॅरेजात दाव्याला उभा होता, दिवसभराच्या मानानं थोडा दमलेला. त्याच्या गव्हाणीच्या वर, बोर्डाखाली, भागूबाईनं एक पाट मांडला होता आणि पाटावर केळीच्या पानात पूर्ण नैवेद्य वाढला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, भात. पाट पाखऱ्याच्या जिभेच्या टप्प्यापासून हातभर लांब होता. त्यासाठी तिनं दावं आज आखूड बांधलं होतं आणि मोजून घेतलं होतं.

बन्सीनं शटर लावायला खिशातून रिमोट काढला. तो हातात धरून त्यानं वर मोटारीकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं. मग रिमोट परत खिशात ठेवला.

"काय झालं?" भागूबाईनं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "उद्या लावू. आज जेवू दे त्याला."

तो लिंबाखालच्या गाडीतून चादर घेऊन आला आणि उघड्या गॅरेजासमोर बाज टाकून तिच्यावर बसला. आत पाखऱ्या मान लांब करून, जीभ काढून, पाट कितपत लांब आहे ते पुन्हा पुन्हा तपासत होता.